उचललेल्या हाताचं हाड

त्याच्या हाताचा एक्स-रे मीच काढला. तो हात तासाभरापूर्वी मीच मोडला होता.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात मी तेव्हा एक्स-रेच्या खोलीत कामाला होतो. रविवारची दुपार होती. आमच्या विभागात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी त्याला मशीनखाली स्टुलावर बसवलं आणि डावा हात टेबलावर सरळ ठेवायला सांगितलं. त्याला तो ठेवता येईना. मनगट धरून हात वळवायला मी पुढं झालो तसा तो झटक्यात मागं सरकला, स्टूल कलंडता कलंडता राहिलं. दुखलं म्हणून सरकला असं मला आधी वाटलं. मग त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. तो मला भिऊन सरकला होता.

"श्वास रोखून धरू का?" त्यानं हळूच विचारलं.

"हाताच्या फिल्मला श्वास रोखावा लागत नाही. फक्त हलू नको."

"मी कुठं हलून राहिलो," तो म्हणाला.

कोपरापासून करंगळीच्या बाजूनं मनगटाकडं एक हाड जातं. माणूस पडतो तेव्हा तळहात टेकवतो, त्यामुळं मनगट मोडतं. पण हे करंगळीकडचं हाड मधोमध आणि एकटंच मोडलं असेल, तर बहुतेक वेळा तो माणूस पडलेला नसतो. डोक्यावर येणारा तडाखा अडवायला त्यानं हात वर उचललेला असतो. अशा कितीतरी फिल्म मी तोवर काढल्या होत्या. बहुतेक बायकांच्या. न्हाणीत घसरले, म्हशीनं ढकललं, असं त्या सांगायच्या. मी फिल्म पाकिटात घालून द्यायचो आणि सोबत आलेल्या नवऱ्याला मनातल्या मनात शिवी हासडायचो.

हाडाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "कशानं लागलं?"

त्यानं तोंड उघडायच्या आत मी बोललो, "लातूरला टँकरवर भांडण झालं, साहेब. कुणीतरी काठी मारली."

"लातूर का," एवढंच म्हणून डॉक्टरांनी प्लास्टरची तयारी करायला सांगितली. त्या उन्हाळ्यात लातूरचं नाव घेतलं की पुढं कुणी विचारायचं नाही. धरण कोरडं पडलं होतं, शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून पोलीस उभे असायचे. एका घागरीवरून डोकी फुटत होती. माझं खोटं त्या दुष्काळात सहज खपलं. प्लास्टर होईपर्यंत तो भिंतीकडं बघत राहिला. मी सांगितलेलं त्यानं खोडलं नाही, त्याला होही म्हटलं नाही.

आम्ही सात वर्षं एकत्र होतो. तो मुदखेडकडच्या एका गावचा, शेतकरी घरातला, आणि मोजणी खात्यात नोकरीला. मी लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरचा. आमचं कापडाचं दुकान होतं, घरात लिंगायतांचं सगळं सोवळंओवळं. नांदेडात दोन खोल्या घेऊन आम्ही राहायचो. घरमालकीण बाईंना आते-मामेभाऊ म्हणून सांगितलं होतं. एका लिंगायताला मराठ्याच्या घरचा मामा कसा, हे त्या माउलीनं कधी विचारलं नाही. आदल्या वर्षी त्याची बदली लातूरला झाली. नवा जिल्हा होणार अशी आवई त्या भागात दर काही महिन्यांनी उठायची. ती उठली की त्याच्या कचेरीत कुठलं गाव कुठं जाणार याच्या याद्या आणि नकाशे निघायचे, आणि त्याची सुट्टी बुडायची. तरी बहुतेक शनिवारी तो नांदेडला यायचा. खांद्यावर आठवडाभराच्या मळक्या कपड्यांचं गाठोडं असायचं, कारण लातूरला धुवायला पाणी नव्हतं.

त्या रविवारी त्याचे कपडे मी धुवायला घेतले होते. हे सांगायचं कारण, मी तसा वाईट नव्हतो असं मला अजूनही कुठंतरी दाखवायचं असतं. मी त्याचे कपडे धुवायचो, त्याला आवडतं म्हणून तुरीच्या डाळीचं वरण घट्ट करायचो. आणि मी त्याला मारायचो. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच हातांनी व्हायच्या.

शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद सापडला. स्थळाचा कागद. वर मुलीचा फोटो, खाली शिक्षण, उंची, मामाकुळ. कागद जुना दिसत होता, घड्यांवर चिरला होता.

तो खोलीत चटईवर पडला होता. मी विचारलं, "हे काय आहे?"

तो उठून बसला. "आईनं दिलंय."

"बघून आलास का?"

तो गप्प बसला. तो असाच गप्प बसायचा. मी जितका आवाज वाढवायचो तितका तो आत आत जायचा. एखादं दार आपल्या तोंडावर लावून आतून कुणी कडी घालावी तसं मला व्हायचं.

"बघून आलास का, विचारतोय मी."

"हाव," तो म्हणाला. "दोन महिने झाले."

माझ्या हातात कपडे धोपटायची लाकडी मोगरी होती. न्हाणीतून येताना ती खाली ठेवली नव्हती एवढंच मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. ती माझ्या हातात आहे हे मला पक्कं माहीत होतं. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा मी डोक्यावर उचलला आणि त्यानं हात वर केला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तरी मी थांबलो नाही. तिसरा फटका पाठीत मारला. तो कोपऱ्यात कपाटाला टेकून खाली बसला, हात पोटाशी धरून. तोंडातून आवाज काढला नाही, कारण भिंतीपलीकडं घरमालकीण होती. मार खातानाही आमचं गुपित तोच सांभाळत होता. थांबलो तेव्हा माझा श्वास कुत्र्यासारखा चालला होता आणि मोगरीवरचं साबणाचं पाणी त्याच्या केसांत उडालं होतं.

हे पहिल्यांदा नव्हतं. पहिली थप्पड तिसऱ्या वर्षी मारली, बाजारात तो कुणाशी हसून बोलला म्हणून. मग ढकलणं आलं. एकदा त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, भुवईवर टाके पडले. दर वेळी मी रडायचो, पाय धरायचो. दर वेळी तोच माझी समजूत घालायचा. तक्रार कुठं करणार होता? त्या काळी कायद्याच्या लेखी आमचं नातंच गुन्हा होतं. ठाण्यात जाऊन काय सांगायचं, आणि कोण कुणाचा लागतो म्हणून सांगायचं?

प्लास्टर घालून तो त्याच दिवशी लातूरला गेला. मी एसटी स्टँडपर्यंत मागं मागं गेलो. गाडीत चढताना तो म्हणाला, "टँकरवर लागलं असं माझ्या तोंडावर सांगितलंस तू. मारल्यापरीस ते लई लागलं." मग महिनाभर त्यानं फोन उचलला नाही.

महिन्यानं निरोप आला. "एक बाई हायत. नवरा-बायकोचे तंटे बघायच्या. तू येणार असशील तर त्यांच्याकडं ये. माझ्याकडं येऊ नको."

ती बाई त्याला शेताच्या बांधावर भेटली होती. रेणापूर तालुक्यात त्यांच्या शेताची मोजणी होती. गळ्यात हात अडकवून तो मोजणीला गेला होता. त्यांनी पाणी दिलं आणि प्लास्टरकडं बघत विचारलं, "कुणी मारलं?" तो म्हणाला, पडलो. त्या म्हणाल्या, "कुठं मोडलंय ते दाखवा." त्यानं बोटानं दाखवलं. "हे पडून मोडत नाही हो. वीस-बावीस वर्षं बायकांच्या समुपदेशन केंद्रात काढलीत मी. हा हात वर केल्यावर मोडतो." माझ्या दवाखान्यात जे मी गिळलं होतं ते त्या बाईनं उन्हात, बांधावर उभं राहून बोलून टाकलं. तो तिथंच खाली बसला आणि सात वर्षांचं सगळं बोलला. मोजणी त्या दिवशी अर्धवट राहिली.

लातूरला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला एकट्यालाच बसवलं. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या म्हणाल्या, "दोन पुरुषांचं जोडपं माझ्याकडं पहिल्यांदाच येतंय. मला काही गोष्टी शिकाव्या लागतील. पुण्यात एक डॉक्टर आहेत, अशा जोडप्यांबरोबर काम करतात. त्यांना विचारून विचारून मी चालणार. माझं चुकलं तर सांगा. पण मोडलेलं हाड मला कळतं, ते बाईचं असो का बाप्याचं."

मी म्हणालो, "आम्हा दोघांना एकत्र बसवा. समोरासमोर बोललो की मिटेल."

"नाही बसवणार."

"का?"

"मार खाल्लेला माणूस मारणाऱ्यापुढं खरं बोलत नाही. बोललाच तर घरी जाऊन पुन्हा मार खातो. आधी तुमचा हात थांबू द्या. तोवर तुम्ही वेगळे राहायचं, एकट्यानं भेटायचं नाही. तो त्याच्या वेळेला येईल, तुम्ही तुमच्या. तुम्ही इथं जे बोलाल त्यातलं त्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण त्याच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी तुम्हाला विचारत बसणार नाही. चालेल का?"

चालेल म्हणालो. मनात बाईचा राग आला होता. घरी जाऊन भिंतीवर बुक्की मारली. पुढच्या खेपेला तेही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दर रविवारी सकाळी नांदेडहून एसटी धरायची, लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचायचं, तासभर बसायचं आणि परत फिरायचं. रस्त्यानं जळालेली शिवारं, टँकरमागं पळणाऱ्या बाया. खोलीत बाई एकच विचारायच्या, "रागाच्या आधी काय येतं?"

"आधी काही येत नाही. रागच येतो."

"येतं. बघा."

दीड महिना मी त्याच उंबऱ्यावर अडकलो. राग सोडून दुसऱ्या कशाचं नाव मला येत नव्हतं. भूक, झोप, राग, एवढीच माझी बाराखडी होती. मग एका रविवारी मी बोलता बोलता म्हणालो, "तो गप्प बसतो तेव्हा माझ्या घशाला कोरड पडते."

"अशी कोरड आधी कधी पडली होती?"

मी आप्पांचं सांगितलं. ते मी त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. दुकानामागच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांच्या आड, माझ्याच वयाचा एक मुलगा आणि मी. आप्पा, म्हणजे माझे वडील, आत आले. ते ओरडले नाहीत. त्या मुलाला कॉलर धरून मागच्या दारानं बाहेर टाकलं. पुढं जाऊन शटर ओढलं आणि कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन आले. मी बोललो, पाया पडलो, त्यांनी एक शब्द काढला नाही. मारताना त्यांचं तोंड कापड मोजताना असायचं तसंच होतं. पाठीवर, नडग्यांवर, मी झाकलेल्या हातांवर. आई बाहेर पायरीवर उभी राहून गिऱ्हाइकांना सांगत होती, "आज दुकान उघडायला उशीर हाय, आत पूजा चालू हाय." मला ते ऐकू येत होतं. मारून झाल्यावर आप्पांनी हात धुतले आणि खरंच लिंगपूजेला बसले. त्या दिवसानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मरेपर्यंत नाही. एकाच घरात दोन वर्षं माझ्यासमोर ताट यायचं, शब्द यायचा नाही. मग मी घर सोडलं.

सांगून झाल्यावर मी हुंदके देत होतो. बाईंनी पाणी दिलं, मी शांत होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "फार वाईट झालं तुमच्याबरोबर. लहान होता तुम्ही. आता एक कडक बोलते. तुम्हाला मारलं म्हणून तुम्ही मारलं, असं म्हणून यातून सुटायला बघू नका. गज आप्पांच्या हातात होता. मोगरी तुमच्या."

त्या दिवशी येताना अहमदपूरपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून होतो. तो गप्प बसला की मला आप्पा दिसायचे, आणि ते दिसू नयेत म्हणून मी त्याला मारून बोलतं करायला बघायचो. इतकं साधं होतं ते.

चौथ्या महिन्यात मी पुन्हा हात टाकला. त्याच्यावर नाही. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी त्या दिवशी बंद होता, मला माहीत नव्हतं. रस्त्यातल्या एका गावाच्या फाट्यावर टायर पेटवले होते. आमची गाडी अडवली आणि काचांवर दगड आले. माझ्या बाजूची काच फुटली, कपाळावर खच्चून लागलं. सगळे खाली वाकले. मी दारातून खाली उडी मारली. दगड हातात असलेला एक तरुण समोर होता. मला लागलेला दगड त्याचाच होता का, कुणास ठाऊक. मी त्याची मान धरली आणि त्याचं तोंड गाडीच्या पत्र्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. त्याचे दात पत्र्यावर वाजले. ड्रायव्हर आणि कंडक्टरनं मिळून मला ओढलं. "मरंल की ओ तो," ड्रायव्हर माझ्या कानात ओरडत होता. तो तरुण रस्त्यावर बसून तोंडातलं रक्त ओंजळीत धरत होता आणि त्याचे सोबती आमच्यापासून चार पावलं मागं सरले होते. जमाव मला भिऊन मागं सरला होता. मला आधी बरं वाटलं. ते बरं वाटणं मी कधी विसरणार नाही.

लातूरला पोचलो तेव्हा शर्ट रक्तानं चिकटला होता, थोडं माझं, थोडं त्याचं. दगड लागला, एवढंच सांगितलं असतं तरी बाईंनी मलम लावलं असतं. पुढच्याच महिन्यात आम्हाला दोघांना एकत्र बसवायचं ठरलं होतं. मी पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. मग आत जाऊन सगळं सांगितलं, बरं वाटलं तेही.

"पुढच्या महिन्याचं आता होणार नाही, कळतंय ना?" त्या म्हणाल्या.

"हो. त्याला सांगा. सगळं सांगा."

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. "बाईंनी सांगितलं. खरं बोललास, ते पहिल्यांदाच." मी ते वाचलं आणि एक्स-रेच्या खोलीचं दार लावून बसून राहिलो.

आणखी तीन महिन्यांनी आम्ही समोरासमोर बसलो. त्याची खुर्ची दाराजवळ होती आणि दार उघडं ठेवलं होतं, कधीही उठून जाता यावं म्हणून. प्लास्टर केव्हाच निघालं होतं, पण हात थोडा वाकडाच सांधला होता. नियम असा की एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकलेलं तेवढंच परत सांगायचं. आपलं काही घालायचं नाही, माफी मागायची नाही, कारण द्यायचं नाही.

पहिल्या दोन बैठकांत तो हवापाण्याचं बोलला. तिसरीत बाई म्हणाल्या, "तुमचा राग कुठं आहे हो? तुम्ही तो आणतच नाही इथं."

 तो फरशीकडं बघत, माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"भुवईला टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट हाय. दुपारी तू झोपला होतास. लई उकडत होतं. मी सैपाकाच्या खोलीतला वरवंटा घेतला आन् तुझ्या डोक्याशी येऊन हुबा राहिलो. दोन्ही हातांनी धरला होता. कानशिलावर टाकला की झालं, असं वाटत होतं. तू तोंड उघडं टाकून झोपला होतास. मी किती वेळ हुबा होतो मला न्हाई माहीत. हात भरून आले तवा ठेवला. मग चहा केला आन् तुला उठवलं. तू म्हणलास चहा लई झकास झाला. मला तुला ठेचायचं होतं. आजबी कधी कधी वाटतं. आन् त्या पोरीला बघायला गेलो ते आईसाठी न्हाई. असं एखादं घर पायजे होतं जिथं मला कुणी मारणार न्हाई. तिचं वाटोळं झालं असतं, ते बी मला दिसत होतं. तरी गेलो."

बाहेर कुणीतरी हंडे घासत होतं. माझ्या घशाला कोरड पडली. मुठी वळल्या. मी त्या उघड्या करून मांडीवर पालथ्या ठेवल्या.

"काय ऐकलंत, सांगा," बाई म्हणाल्या.

"मी झोपलो होतो," मी म्हणालो. "तू वरवंटा घेऊन उभा होतास. तुला..."

"सांगा."

"तुला मला ठेचायचं होतं. हात भरून आले तेव्हा तू तो खाली ठेवलास. मग मला चहा दिलास. आजही कधी कधी वाटतं. आणि तुला असं घर हवं होतं जिथं कुणी मारणार नाही."

"हाव," तो म्हणाला. आणि त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर माया नव्हती, द्वेषही नव्हता. खूप ओझं उतरवलेल्या हमालासारखा तो दमलेला दिसत होता. मी बाहेर जाऊन अंगणाच्या कडेला ओकलो. परत आत आलो तर तो तिथंच बसलेला होता. दार उघडं असून गेला नव्हता.

मन मोकळं करणं म्हणजे गोड काहीतरी असणार अशी माझी कल्पना होती. आमच्या वाट्याला आलं ते असं आलं. त्यानंतरच्या बैठका काही सोप्या नव्हत्या. तो एकदा किंचाळला, एकदा बाईंच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट भिंतीवर फेकला. बाईंनी त्यालाही तोच नियम लावला, "वस्तू फेकणंही चालायचं नाही." मी हळूहळू "राग आला" याच्या जागी "भ्यालो" म्हणायला शिकलो. चाळिशीला आलेल्या माणसाला हा एक शब्द उच्चारताना घाम फुटायचा. तोही न विचारता बोलायला शिकला. गप्प बसायचं असलं तर आधी सांगायचा, "मी आता गप बसणार हाय, तुझ्यावर रुसून न्हाई."

दीड वर्षानं आम्ही लातूरला एक घर केलं. मला तिथं एका दवाखान्यात काम मिळालं. मी पुन्हा त्याच्यावर हात टाकलेला नाही. पुढं कधीच टाकणार नाही अशी शपथ मी घेत नाही, बाईंनीच ती घेऊ दिली नाही. आज टाकला नाही एवढं म्हणा, असं त्या सांगतात. अंगात येतंय असं वाटलं की मी तोंडानं सांगतो आणि घराबाहेर पडतो. तो आतून कडी लावतो. त्याचं वाईट वाटून घ्यायचा अधिकार मला नाही.

एक गोष्ट राहिली होती. आपण पडलो असं तो आईला सांगून बसला होता. माझ्यापायी बोललेलं खोटं तो अजून आपल्या आईपाशी वागवत होता, हे त्यानंच एका बैठकीत सांगितलं. एका सकाळी आम्ही दोघं मुदखेडकडं त्याच्या गावी गेलो. म्हातारी ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. मी आधीही तिच्या हातचं खाल्लं होतं, मुलाचा दोस्त म्हणून.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "आई, ह्याचा हात पडून मोडला नव्हता. मी मोडला. मोगरीनं मारलं."

सुपातले तिचे हात थांबले. तिनं आधी मुलाकडं बघितलं. त्यानं होकाराची मान हलवली.

"कामून मारलास?"

"ह्याची काही चूक नव्हती."

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मी पोटच्या पोराला कधी बोट लावलं न्हाई. तू कोण हायस ह्याचा, हात मोडणारा?"

उत्तर त्यानं दिलं. "माझा माणूस हाय, आई. म्हणून लगीन न्हाई केलं."

तिला किती कळलं आणि किती आधीच माहीत होतं, मला सांगता येणार नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकत उठली, आणि त्याचा तो वाकडा सांधलेला हात धरून दंडापासून मनगटापर्यंत चाचपून बघितला. मग त्याला म्हणाली, "तू आत ये. भाकर टाकते." माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू भाईर बस."

मी बाहेर बसलो. अंगणातल्या लिंबाची सावली तोवर भिंतीकडं सरकली होती, मी उन्हात होतो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि तिचं रडणं, आणि मधून मधून त्याचं समजावणं. तो एकदा दारात आला, "पाणी देऊ का?" म्हणून विचारलं. मी म्हणालो, "आधी जेव." तो आत गेला आणि पोटभर जेवला.